पे अँड पार्कवाल्याने २००० दंड लावलाय, ५०० घेतलेत, बाकीचे भरू की तक्रार करू? (मुंबई नाका, नाशिक)

पाथर्डीफाटा_एमएच१५

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण अर्धवट सांगितलं की लोक एकतर भरून टाक म्हणतात नाहीतर सोडून दे म्हणतात आणि मला तेच तर ठरवता येत नाहीये.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून घरून डायरेक्ट मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलला नेलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमधे जागा नव्हती, वॉचमनने शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाठवलं, तिथे पे अँड पार्क आहे, प्रायव्हेट, महापालिकेचं नाही. पोराने हातातल्या मशीनमधून पावती काढून दिली, गाडी लावली आणि पळत वर गेलो. रात्री अँजिओप्लास्टी झाली. आई आता घरी आहे, तब्येत बरी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास घरून कपडे आणायला म्हणून गाडी काढायला गेलो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर, त्याला साखळी आणि कुलूप. रात्री पावसात औषधं आणायला दोनदा खाली उतरलो होतो त्यात पावती खिशात भिजली, ती त्या चकचकीत कागदाची असते ना, सगळी छपाई उडाली, नंबर नाही वेळ नाही, नुसता काळपट कागद. केबिनमधला माणूस म्हणे पावती वाचता येत नाही म्हणजे हरवल्यासारखीच, पावती हरवल्याचे १००० आणि रात्रभर गाडी ठेवल्याचे १०००, एकूण २००० द्या. मी म्हटलं बोर्डवर तर पहिल्या दोन तासांना २० आणि पुढे तासाला १० लिहिलंय, सात ते बारा म्हणजे १७ तास धरले तरी १७० होतात. तर त्याने केबिनच्या आत काचेला चिकटवलेला एक लॅमिनेट कागद दाखवला, त्यावर हे दोन्ही दंड लिहिलेले. तो कागद आत गेल्याशिवाय दिसत नाही.

आई वर आयसीयूत, मला जायची घाई. ५०० जीपेवर दिले, बाकी १५०० नंतर देतो असं त्याच्या रजिस्टरमधे लिहून सही घेतली आणि मगच जॅमर काढला. आता रोज व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतोय, ७ दिवसात भरा नाहीतर लेट फी लागेल आणि गाडीचा नंबर आरटीओला कळवून ब्लॅकलिस्ट करू. घरचे म्हणतात दीड हजारासाठी डोक्याला ताप नको, भरून टाक. पण १७० च्या जागी २००० हे मला पटतच नाहीये आणि तिथे येणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच पेशंट सोडून खाली आलेला असतो. काय करू?

सिडको_चौक

नंबर ब्लॉक कर आणि विसर. काही होत नाही. प्रायव्हेट माणूस काय करणारे.

देवळाली_७७

अरे भाऊ पार्किंगचे पैसे घेणंच बेकायदेशीर आहे!! गुजरात हायकोर्टाचा निकाल आहे २०१९ चा, मॉलवाल्यांना पार्किंगचे पैसे घ्यायला मनाई. तो निकाल प्रिंट काढून त्याच्या तोंडावर मार, ५०० पण परत देईल.

अ‍ॅड_गंगापूररोड

दादा आधी आईंची काळजी घ्या. हे प्रकरण चार दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही, तक्रार करायला कायद्याने दोन वर्षं असतात.

मी ग्राहक आयोगात केसेस चालवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. वरती जो गुजरातचा निकाल सांगितलाय तो खरा आहे पण तो मॉल आणि मल्टिप्लेक्सबद्दल आहे, तिथल्या बांधकाम नियमांच्या आधारावर आहे, आणि तुमचा प्लॉट मॉल नाहीये, तो पार्किंगचाच धंदा आहे. मोकळ्या प्लॉटवर भाडं घेऊन गाडी ठेवून घेणं यात चूक काही नाही. हा मुद्दा काढलात तर समोरचा पहिल्याच मिनिटाला तुम्हाला खोडून काढेल आणि मग तुमचा जो खरा मुद्दा आहे तोही कमकुवत वाटायला लागेल. आणि ब्लॉक करून विसरा हेही मी सांगणार नाही, कारण रजिस्टरमधे तुमची सही आहे आणि १७० रुपये तुम्ही खरंच देणं लागत होतात.

सगळ्यात आधी भाडं आणि दंड हे दोन वेगळे करा. भाडं तुम्ही बोर्ड वाचून मान्य केलंत, ते द्यायचंच, आणि ५०० मधे ते देऊन झालंय, उलट ३३० जास्तच गेलेत. राहिला दंड. दंड हा कराराचा भाग तेव्हाच होतो जेव्हा गाडी आत घालायच्या आधी तो तुमच्या नजरेस येईल असा लावलेला असतो. आत काचेला चिकटवलेला कागद, जो गाडी लावून झाल्यावर, तेही भांडण झाल्यावर दिसतो, त्याला तुम्ही संमती दिली असं कसं म्हणणार?

आणि समजा बोर्डवर स्पष्ट लिहिलेला असता तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलाय म्हणून तेवढा सगळा मिळतोच असं नाही, वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टाने १९६३ सालीच फतेहचंदच्या केसमधे हे सांगितलंय. रात्रभर गाडी उभी राहिली तर त्याचं नुकसान काय झालं? तासाला १० रुपये तो घेतोच आहे. मग वर हजार कशाचे?

जॅमरबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मधे चाकाला जॅमर लावायला सांगायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिलाय, आणि तो सार्वजनिक जागी सोडून दिलेल्या किंवा नो पार्किंगमधल्या गाड्यांसाठी. पार्किंगच्या ठेकेदाराचं त्यात नावसुद्धा नाही.

त्या सहीची भीती बाळगू नका. दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडवून ठेवून त्याच्याकडून करार करून घेणं याला त्याच करार कायद्यात, कलम १५ मधे, जबरदस्ती म्हटलंय, आणि अशी संमती तुम्ही रद्द करू शकता. कलम ७२ तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात, आणि त्याखाली कायद्यातच उदाहरण दिलंय की रेल्वे कंपनी जादा पैसे घेतल्याशिवाय माल सोडत नाही, मालक माल सोडवायला पैसे भरतो, तर जेवढे बेकायदा जादा घेतले तेवढे त्याला परत मिळतात. मालाच्या जागी तुमची गाडी ठेवून बघा.

आता तुम्ही मला सांगा, बाहेरचा बोर्ड नेमका कसा आहे, फोटो आहे का, आणि रजिस्टरमधे काय शब्द लिहिलेत?

पाथर्डीफाटा_एमएच१५

ताई खूप आभार. काल आईची औषधं घ्यायला तिकडे गेलो होतो तेव्हा बोर्डचे फोटो काढले. गेटवरचा बोर्ड मोठा आहे, वरच्या भागात रेट आहेत, आणि खालच्या अर्ध्या भागावर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सुतळीने बांधलाय. फ्लेक्सच्या खालून फक्त एका ओळीचा शेवट दिसतो, "...जबाबदार राहणार नाही". म्हणजे तिथे दंड लिहिलेला असेलही, पण तो फ्लेक्स बाजूला केल्याशिवाय वाचणं शक्यच नाही.

रजिस्टरचा फोटो नाही काढू दिला. माझ्या आठवणीप्रमाणे गाडी नंबर, मोबाईल, "बाकी १५००" आणि सही. जीपेवर ५०० कुणाच्यातरी पर्सनल नावावर गेलेत, फर्मच्या नाही. पावती दिली नाही, मागितली तर म्हणे पूर्ण भरल्यावर.

पंचवटी_कारंजा

मी तीन वर्षं पंचवटीत पे अँड पार्क चालवलंय, आता बंद केलं, म्हणून दुसरी बाजू पण सांगतो.

पावती हरवल्यावर जादा पैसे लावायला कारण असतं. पावती हीच गाडीची ओळख, कुणाचीही पावती उचलून कुणीही गाडी घेऊन गेला तर मालक आमच्या दारात येतो. म्हणून आम्ही पावती नसेल तर आरसी आणि लायसन बघायचो, दोन्हीचे फोटो ठेवायचो, रजिस्टरला सही घ्यायचो आणि पूर्ण दिवसाचं भाडं लावायचो. बस. ते पूर्ण दिवसाचं अशासाठी की गाडी कधी आली हे सांगायला कागद नसतो. पण तुमच्या केसमधे कागद आहे की, हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिशन फाईलवर वेळ असते, गाडी त्याच्या आदल्या दिवशीची असूच शकत नाही. शिवाय हातातलं मशीन असेल तर त्यात गाडी नंबर टाकून एंट्री निघते, पावती उडाली म्हणून वेळ कळत नाही हे मी तरी मानणार नाही. मशीनमधली एंट्री दाखवा म्हणून लेखी मागा, तिथेच निम्मं भांडण संपेल.

आणि पर्सनल नावावर पैसे गेले म्हणता ना, ते नीट बघा. बऱ्याच ठिकाणी दंडाचे पैसे हिशोबात येतच नाहीत, रात्रीच्या पोरांमधे वाटले जातात आणि ठेकेदाराला पत्ताच नसतो. जागेच्या मालकाला आणि ठेकेदाराला दोघांना पत्र द्या, केबिनमधल्या माणसाला नको. ठेकेदाराचं नाव पावतीच्या वरच्या बाजूला असतं, तुमची उडाली असेल तर दुसऱ्या कुणाचीतरी बघा. जीएसटी लावून पैसे मागत असतील आणि जीएसटी नंबर कुठेच नसेल तर तेही लिहा.

लेस्टरचा_नाशिककर

मूळचा कॉलेज रोडचा, सध्या इंग्लंडमधे. एक गोष्ट सांगायची राहवत नाहीये कारण माझ्या चुलतभावाने पण इकडचे व्हिडिओ बघून तिकडे डोकं चालवलं होतं. यूट्यूबवर जे सांगतात ना की प्रायव्हेट पार्किंगची नोटीस आली की असं अपील करा आणि तसं अपील करा, ते बहुतेक सगळं इकडचं आहे आणि नाशिकला लागू होत नाही.

इकडे सिस्टिमच वेगळी आहे. प्रायव्हेट जागेत चाकाला क्लँप लावणं इंग्लंड आणि वेल्समधे १ ऑक्टोबर २०१२ पासून गुन्हा आहे, कायद्याचं नाव प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट. त्या बदल्यात कंपन्यांना असा अधिकार दिला की ड्रायव्हर कोण ते कळत नसेल तर ठराविक अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येतात. कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवायची असेल तर ती १४ दिवसात मालकाच्या हातात पडावी लागते, उशीर झाला की मालकावरचा तो दावा गेला, म्हणून इथे जाणकार लोक पहिल्या अपीलमधे गाडी मी चालवत होतो असं लिहीतच नाहीत.

अपील आधी त्याच कंपनीकडे, तिने नाकारलं की स्वतंत्र संस्थेकडे, कंपनी कुठल्या संघटनेची मेंबर आहे त्यावर पॉपला किंवा आयएएस, ही त्या संस्थांचीच नावं. पॉपलाला पैसे लागत नाहीत, तिथला निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. फक्त १४ दिवसात भरलं तर साधारण ४० टक्के सूट असते, आणि पॉपलापर्यंत जाऊन हरलं की ती सूट सहसा जाते, म्हणून इथे अपील करायचं का हा प्रश्न खरंच विचार करण्यासारखा असतो. दुर्लक्ष केलं तर कंपनी कोर्टात जाऊ शकते आणि निकाल विरुद्ध लागून महिनाभरात पैसे भरले नाहीत तर तो क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षं राहतो. आणि दंड जास्त आहे एवढंच म्हणून इथे सुटका नाही, चेम्सफर्डच्या एका शॉपिंग पार्कात दोन तास फुकट होते, एक माणूस ५६ मिनिटं जास्त थांबला, ८५ पौंड लावले, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ मधे हरला. कोर्टाने कारण दिलं की गाड्या हलत्या राहाव्यात यात मालकाचं रास्त हित आहे आणि बोर्ड मोठे, ठळक, जागोजागी होते.

ते बोर्डचं तेवढं मात्र तुझ्या कामाचं आहे बघ. इथे कंपनी जिंकली ती बोर्ड स्पष्ट होते म्हणून. तुझ्याकडे तर बोर्डवर फ्लेक्स बांधलाय.

जेलरोड_काका

बाळ, मी वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. आईची अँजिओप्लास्टी झालीये, घरात माणूस हवं. ३३० रुपये परत मिळवायला आयोगात तारखा, नोटिसा, झेरॉक्स, कामावर सुट्ट्या, हिशोब लावून बघ. १५०० देऊ नकोस हे मलाही पटतं पण सगळीकडे लढत बसू नये.

अ‍ॅड_गंगापूररोड

काकांचं म्हणणं रास्त आहे, आणि म्हणूनच केस कर असं मी आजच सांगत नाहीये. १५०० न भरणं आणि ३३० साठी आयोगात जाणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला आत्ता घ्यायचाय आणि त्याला एक पत्र पुरतं. दुसरा पत्राचं काय उत्तर येतं ते बघून निवांत घेता येईल.

गरज पडलीच तर क्रम असा ठेवा. आधी १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतही बोलता येतं, ते समोरच्याला तक्रार पाठवतात. त्यांचा शब्द समोरच्यावर बंधनकारक नसतो पण बरेच जण एवढ्यावरच नरम पडतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाईन टाकता येते. तक्रारीत सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा असं मांडा. करारच अन्यायकारक आहे अशी तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राज्य आयोगाकडे जाते, त्या शब्दात अडकलात तर उगाच वरच्या आयोगाची वारी होईल. कायद्यात तीन महिन्यात निकाल अपेक्षित आहे पण प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरूनच चला.

आरटीओ ब्लॅकलिस्टची धमकी पोकळ आहे. ई-चलान पोलीस किंवा आरटीओच करतात, ठेकेदाराला तो अधिकार नाही. मनात शंका असेल तर परिवहनच्या सरकारी साईटवर स्वतः गाडी नंबर टाकून बघा. त्यांच्या मेसेजमधली कुठलीही लिंक उघडू नका, चलानच्या नावाने एपीके फाईल (मोबाईलमधे अ‍ॅप टाकणारी) पाठवून खाती साफ करायचे प्रकार सर्रास चालू आहेत. मेसेज डिलीटही करू नका, ते तुमचे पुरावे आहेत. गाडी सोडायच्या आधी परत कुणी असं अडवलं तर तिथूनच ११२ लावा, रस्ता अडवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम १२६ आहे, पोलीस आले की जॅमर बहुतेक वेळा वाद न होताच निघतो.

सातपूर_एमआयडीसी

ह्या विषयावर बोलायला पाहिजेच. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय, आपल्या द्वारका चौकापासून तपोवनापर्यंत जिथे मोकळा प्लॉट दिसेल तिथे दोरी बांधून पार्किंग सुरू होणार आहे. बाहेरगावच्या भाविकाला काय माहिती कुणाचा बोर्ड खरा. आत्ता एकाने लेखी दिलं तर निदान ठेकेदाराला कळेल की लोक विचारतात. पाथर्डीभाऊ, पत्राची एक कॉपी महापालिकेला पण टाका, प्लॉटवर पार्किंग चालवायची परवानगी आहे का एवढंच विचारा.

पाथर्डीफाटा_एमएच१५

सगळ्यांचे आभार. ठरलं, १५०० भरत नाही, पत्र देतो. काका तुमचंही ऐकलंय, आयोगाचं नंतर बघू. हा मसुदा केलाय, ताई जरा बघाल का:

"आपल्या पार्किंगमधे माझी गाडी संध्याकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत होती. आपल्या दरफलकाप्रमाणे भाडे १७० रुपये होते. पावती पावसाने भिजल्यामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. आपल्या माणसाने जॅमर लावून गाडी अडवली व २००० रुपये मागितले. मी ५०० रुपये दिले व उरलेले १५०० देण्याबद्दल सही घेतल्यानंतरच गाडी सोडली. सदर दंड प्रवेशद्वारावरील फलकावर वाचता येत नव्हता (फोटो सोबत). तरी उरलेली रक्कम माफ करावी व जादा घेतलेले ३३० रुपये परत करावेत ही नम्र विनंती."

अ‍ॅड_गंगापूररोड

चांगलं लिहिलंय, चार बदल करा. "क्षमस्व" काढा, पावती भिजली यात तुमचा दोष नाही आणि पुढे तीच ओळ तुमच्या विरुद्ध वाचली जाईल. "माफ करावी" तर अजिबात नको, माफ ती रक्कम करतात जी देणं लागते. त्या जागी लिहा, "सदर दंड मला मान्य नाही, सही गाडी अडवून घेतलेली असल्याने तिचे बंधन मी मानत नाही." पंचवटीच्या भाऊंनी सांगितलेली मशीनमधली एंट्री आणि ५०० ची पावती मागणारी एक ओळ घाला. आणि शेवटी मुदत द्या, १५ दिवस पुरेत, नाहीतर पत्र तसंच पडून राहतं.

सोबत अ‍ॅडमिशनच्या पानाची झेरॉक्स लावा पण आजाराचा तपशील झाकून, फक्त तारीख आणि वेळ दिसू दे. ठेकेदार आणि जागामालक दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसकट, आणि त्याच दिवशी पत्राचा फोटो त्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर टाका. त्यानंतर फोनवर बोलायचं नाही, काय असेल ते लेखी द्या म्हणायचं.

पाथर्डीफाटा_एमएच१५

बदल केले. जागामालकाचं नाव हॉस्पिटलच्या वॉचमनकडून कळलं, ठेकेदाराचं पंचवटीच्या भाऊंनी सांगितलं तसं दुसऱ्याच्या पावतीवरून. उद्या पोस्टात टाकतो, उत्तर आलं की इथेच कळवतो.